झोका की विहीर?

तिला नावानं हाक मारणारं वस्तीत कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला वेळेलाबाई म्हणत, आणि ते नाव तिनं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. कुणी फुटकी बादली टाकायला निघालं, कुणी छत्रीचा सांगाडा उकिरड्यावर नेताना दिसलं, की ही कंबरेवर हात ठेवून आडवी. "टाकू नका हो. असू दे. वेळेला लागेल."

"कुठल्या वेळेला?" असं विचारण्याची चूक माणूस आयुष्यात एकदाच करी. त्यानंतर त्याला दुष्काळ, वादळ, आग, टोळधाड आणि रस्ता बंद अशी सगळी यादी ऐकावी लागे, तीही उभ्यानं.

धंदा ताडपत्री शिवण्याचा. ट्रकवर घालायच्या जाड ताडपत्र्या, तळहातावर चामड्याचा तुकडा बांधून, मेण लावलेल्या दोऱ्यानं ती अशा शिवी की ट्रक उलटेल पण टीप उसवणार नाही. नवरा ड्रायव्हर होता, म्हणजे आता नव्हता. डोळ्यांनी दगा दिल्यावर घरी बसला होता आणि घरातल्या माणसांना रिव्हर्स कसं घ्यायचं ते सांगत होता. वस्ती त्याला ड्रायव्हरमामा म्हणे. एकुलता एक मुलगा वीजखात्यात लाईनमन. आणि सून केस कापणारी. गावातल्या एका मोठ्या पार्लरमध्ये ती दुसऱ्याच्या खुर्चीमागं उभी राहून दुसऱ्याच्या नावानं केस कापत होती, आणि भांडण इथूनच सुरू होतं.

घराला एक मागची खोली होती. गल्लीकडं खिडकी, स्वतंत्र दार, सकाळचा छान उजेड. सुनेच्या मते देवानं ती खोली केस कापण्यासाठीच घडवली होती. एक आरसा, एक फिरती खुर्ची, दारावर पाटी, बस्स. पण त्या खोलीत वेळेलाबाईची 'वेळ' भरून ठेवलेली होती, जमिनीपासून आढ्यापर्यंत.

वाळवलेल्या भाज्या होत्या. राखेत घोळवलेलं बियाणं होतं. चुन्याच्या निवळीत बुडवलेली अंडी होती, राखेच्या पाण्यात तेल आटवून केलेल्या साबणाच्या वड्या होत्या, मेणबत्त्यांची बुडं वितळवून केलेल्या नव्या मेणबत्त्या होत्या. मीठ, काडेपेट्या, कंदील, कोळसा, वाळका जळाऊ लाकूडफाटा. बरण्यांत मावलं ते बरण्यांत, आणि उरलेलं सगळं ताडपत्रीच्या पिशव्यांत. पिशव्या नुसत्या बांधलेल्या नव्हेत, शिवलेल्या. कड दुमडून, दुहेरी टीप मारून. उंदीर नाही, मुंगी नाही, ओल नाही. आत काय आहे ते कळावं म्हणून दोऱ्याचे रंग ठरवले होते. काळा दोरा कोळशाचा, लाल काडेपेट्यांचा, पांढरा मिठाचा. हे कोष्टक वेळेलाबाईच्या डोक्यात होतं आणि खोलीची किल्ली तिच्या कंबरेला.

आता एवढा साठा केल्यावर कधी तरी तो वापरावा की नाही? ती नव्हती वापरत. वीज गेली आणि ड्रायव्हरमामा अंधारात पाटाला ठेचकाळून ओरडले, "अगं, एक कंदील तरी काढ!" की ही शांतपणे विचारायची, "झोका की विहीर?"

हा तिच्या घरातला कायदा होता. ती परकरी पोर असताना तिच्या बापाच्या विहिरीत वासरू पडलं. घरात चांगला लांब दोर होता, पण तो शेजारच्या पोरांना झोका बांधायला दिला होता. तो सोडून आणेपर्यंत वासरू दमलं आणि बुडालं. पोरीनं काठावरून ते सगळं पाहिलं. त्यावर रडणं वगैरे जे काय व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं. पण डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी बसली. झोक्याला दोर देऊ नये. विहिरीला राखून ठेवावा. पुढं जन्मभर तिच्यापुढं आलेली प्रत्येक अडचण ती या तराजूत घाली, आणि प्रत्येक अडचण झोकाच निघे.

"आत्याबाई," सून एकदा पीठ मळता मळता म्हणाली, "त्या खोलीत सगळं आहे. फक्त विहीर नाही."

"येईल," वेळेलाबाई म्हणाली. "विहिरीला काय घाई असते?"

शेवटी ड्रायव्हरमामांनी न्याय केला. दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि रस्ता एकच, तर कुणाला तरी मागं घ्यावंच लागतं, अशी प्रस्तावना करून ते म्हणाले, "वर्षभर बघू. वर्षात ती खोली एकदा जरी घराच्या कामाला आली, तर तुझी. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आली, तर किल्ली सूनबाईच्या हातात."

दोघींनी मान्य केलं. सुनेनं लगेच एक भारीतली कात्री घेतली, आपल्या होणाऱ्या दुकानासाठी. ती मखमली पाकिटात ठेवून ती रोज एकदा उघडून बघे. वेळेलाबाई रोज एकदा आभाळाकडं बघे.

वर्ष सरत आलं. काही झालं नाही. पाऊस आला तो अगदी शिस्तीत आला. नळाला पाणी येत राहिलं. सुनेनं आरशाची मापं घेऊन ठेवली. वेळेलाबाईला घास गोड लागेना, पण ती ताठ होती. खोटी वेळ आणून खोली जिंकायची, हे तिच्या रक्तात नव्हतं.

आणि मग वादळ आलं. रात्रभर पत्रे वाजले. सकाळी लोक दारात येऊन बघतात तर वस्तीच्या तोंडाशी असलेलं मोठं झाड विजेच्या खांबासकट रस्त्यावर आडवं, त्याच्या पुढं ओढ्यावरची मोरी वाहून गेलेली. वीज नाही. वीज नाही म्हणून नळ नाही. रस्ता नाही म्हणून दूध नाही, गॅसची गाडी नाही, काही नाही. लाईनमन उजाडायच्या आधीच गमबूट घालून बाहेर पडला होता, त्याच्या टोळीसकट.

ड्रायव्हरमामा उठले ते हसतच. "चला! जिंकलीस तू. काढ किल्ली. आधी चहाचं बघ."

वेळेलाबाई दारात उभी राहून पडलेल्या झाडाकडं बघत होती. बराच वेळ बघितलं तिनं. मग म्हणाली, "हा झोका आहे."

"काय?"

"दोन दिवसांत सरळ होईल सगळं. कुणी मेलंय का? घर पडलंय का? ही ती वेळ नव्हे."

सून चुलीशी ओली लाकडं फुंकत बसली होती. धुरानं डोळे लाल झाले होते. ती उठून आली. "आत्याबाई, तुम्ही खोली उघडलीत तर तुम्ही जिंकता. कळतंय ना तुम्हाला? मी हरते. तरी मीच सांगतेय, उघडा."

"जिंकायचं म्हणून झोक्याला विहीर म्हणू?"

ड्रायव्हरमामांनी कपाळावर हात मारला. "हिच्या गाडीला ब्रेक आहे तो फक्त हातातला. पायातला नाहीच."

इतक्यात शेजारचा बेकरीवाला धावत आला. हा माणूस एरवी वेळेलाबाईला बघितलं की ओट्यावरून ओरडायचा, "वहिनी, फुटकी चाळण आहे, देऊ का? वेळेला लागेल!" आज तो थट्टा विसरला होता. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले.

"वहिनी, पीठ."

"काय झालं पिठाला?"

"फुगतंय! रात्रीच मळून ठेवलंय सगळं, रोजच्यासारखं. खमीर घातलंय. भट्टी विजेची. ते काय वीज येईपर्यंत थांबतंय का? टोपाच्या बाहेर यायला लागलंय. तुमच्याकडं परसात ते पिंप आहे ना, मातीत बसवलेलं? त्यात भाजू. फक्त वाळकं लाकूड, कोळसा द्या. बाहेर सगळं चिंब आहे हो."

पिंप होतं खरं. डेपोतून आणलेलं तेलाचं पिंप तिनं आडवं पाडून दगडमातीत बसवलं होतं, खाली जाळाला जागा, तोंडाला पत्र्याचं दार. गावाला खायला घालायची पाळी आली तर भट्टी असावी म्हणून. बांधल्यापासून ती एकदाही पेटली नव्हती. सध्या तिच्यात एक कोंबडी खुडूक बसली होती.

"पीठ म्हणजे झोकाच," वेळेलाबाई म्हणाली, पण जरा हळू आवाजात.

"झोका बिका मला कळत नाही," बेकरीवाला रडकुंडीला आला. "या एकदा. नुसतं बघा तरी."

सुनेनं तिचं मनगट धरलं आणि ओढतच नेलं. बेकरीत अंधार होता, पण पीठ दिसत होतं. मोठमोठ्या टोपांवर ओली फडकी घातलेली, आणि फडकी वर उचलली जात होती. एका टोपातून तर पीठ काठावरून खाली उतरून जमिनीकडं निघालं होतं, कुणी न सांगता, आपलं आपण. सुनेनं फडकं बाजूला केलं. वर हवेचे फुगे येत होते, फुटत होते. आंबूस वास होता, चांगला.

वेळेलाबाईनं त्यावर तळवा ठेवला. पीठ कोमट होतं. हाताखाली ते वर आलं, थांबलं, खाली बसल्यासारखं झालं, पुन्हा वर आलं. तिनं हात काढला नाही.

"अजून किती वेळ तग धरेल हे?" तिनं विचारलं.

"एकदा बसलं की बसलं. मग गाईलासुद्धा घालायच्या लायकीचं नाही."

बाहेर लांबून लाईनमनच्या टोळीचा आरडाओरडा ऐकू येत होता. उपाशीपोटी ओढ्याच्या पाण्यात उभे होते ते.

वेळेलाबाईनं पदर खोचला. "विहीर आहे," ती म्हणाली. "चला."

कुलूप उघडायलाच तेल घालावं लागलं. आत गेल्यावर सगळे दारातच थबकले, कारण ती खोली आजवर कुणी नीट पाहिलीच नव्हती. रांगेनं बरण्या, रांगेनं पिशव्या, प्रत्येक पिशवीवर रंगीत दोऱ्याची दुहेरी टीप. बेकरीवाल्यानं नकळत चप्पल काढली.

"काळा दोरा," वेळेलाबाईनं हुकूम सोडला. "काळ्यात कोळसा."

काळ्या दोऱ्याची पिशवी बाहेर आली. आता ती उघडायची कशी? ही टीप ट्रकची होती. विळी लावली, विळी घसरली. ड्रायव्हरमामांनी पान्याचं टोक घालून बघितलं. वेळेलाबाईची स्वतःची कात्री ताडपत्री कापायची, वीतभर पात्याची. ती टिपेखाली शिरेना. बाहेर बेकरीवाला "पीठ, पीठ" करत येरझाऱ्या घालत होता.

सून आत गेली आणि मखमली पाकीट घेऊन आली.

"अगं, ती नको," वेळेलाबाईच्या तोंडून निघून गेलं. "धार जाईल."

"जाईल," सून म्हणाली, आणि खाली बसली. बारीक टोकाची ती कात्री तिनं टिपेखाली सरकवली आणि कानामागचे केस कापावेत तशी टकटक चालवली. टाका न् टाका सुटत गेला, ताडपत्रीला ओरखडा नाही. वेळेलाबाई बघत राहिली. जन्मभर लोकांचे हात बघितले होते तिनं, शिवणारे. उसवणारा एवढा चांगला हात पहिल्यांदा बघत होती.

पिशवी उघडली. आत मीठ.

सगळे मिठाकडं बघत होते.

"काळ्यात कोळसा म्हणालीस," ड्रायव्हरमामा म्हणाले.

वेळेलाबाईनं डोळे बारीक केले. "त्या वर्षी पांढरा दोरा संपला होता वाटतं."

मग जी धमाल उडाली! लाल दोऱ्यात काडेपेट्या निघायच्या तर निघाली सगळी बटणं. निळ्यात साबण निघायचा तर ड्रायव्हरमामांच्या पहिल्या ट्रकचा भोंगा निघाला, आणि तो हरवला म्हणून त्यांनी मालकाशी भांडण केलेलं होतं, ते त्यांना तिथंच आठवलं. हिरव्यात बियाणं. दुसऱ्या हिरव्यात पुन्हा मीठ.

"आत्याबाई, किती मीठ लागणार होतं हो वेळेला? समुद्र आटणार होता का?"

"उसव तू. तोंड चालवू नकोस."

"तोंड आणि कात्री दोन्ही चालतात माझी. पार्लरमध्ये शिकलेय."

पिवळ्या दोऱ्यात एकदाचा कोळसा निघाला. वाळकं लाकूड तर शिवलेलं नव्हतंच, भिंतीशी रचलेलं होतं, खणखणीत. काडेपेट्या सुनेनं दोऱ्याकडं न बघता, पिशव्या कानाशी हलवून शोधल्या. ती युक्ती वेळेलाबाईला एवढ्या वर्षांत सुचली नव्हती.

मग राहिली कोंबडी. ती भट्टीतून निघायला तयार नव्हती. ड्रायव्हरमामांनी तिला प्रेमानं समजावलं, तर तिनं त्यांच्या अंगठ्याला चोच मारली. शेवटी वेळेलाबाईनं तिला अंड्यांसकट टोपलीत उचललं आणि रिकाम्या होत चाललेल्या खोलीत नेऊन ठेवलं. "बस इथं. इथं आता कुणी नाही."

भट्टी पेटली. पहिले पाव वरून काळे आणि आतून कच्चे निघाले. बेकरीवाल्यानं कपाळाला हात लावला. वेळेलाबाईनं जाळ मागं सारला, पिंपाच्या तोंडाला चिखल थापला, पुढची खेप घातली. ती खेप जमली. मग त्या दोघांचं असं काही जुळलं की तो गोळे करतोय, ही जाळ सांभाळतेय, आणि अख्खी वस्ती वासानं परसाच्या कुंपणाशी गोळा झालेली.

छपराच्या ताडपत्रीवरून पावसाचं पाणी हौदात पडलेलं होतं, ते वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून, उकळून सुनेनं वाटलं. कुणाला कंदील हवा होता, कुणाला मेणबत्ती. कंदील चांगले निघाले. मेणबत्त्या मात्र उकाड्यानं एकमेकींना चिकटून त्यांचं एकच ढेकूळ झालं होतं, ते बेकरीवाल्यानं सुरीनं पावासारखं कापून दिलं. वेळेलाबाई दारात बसून प्रत्येकाला विचारत होती, "झोका की विहीर?" आणि लोकही आता वस्ताद झाले होते. "विहीर, विहीर!" म्हणत सामान उचलून चालते होत. चुन्यातली अंडी म्हाताऱ्यांच्या घरी गेली. साबण ओढ्यात उतरलेल्या लोकांना गेला.

दुपारी चिखलानं माखलेला लाईनमन आला. उभ्या उभ्या त्यानं पाव खाल्ला, दुसरा खिशात कोंबला आणि म्हणाला, "आई, झाड ओढायला दोर कमी पडतोय. आहे का गं?"

सुनेनं सासूकडं बघितलं.

खोलीच्या अगदी कोपऱ्यात, एका पेटीत, तो होता. जाडजूड, मेण लावलेला, तिनं स्वतः वळलेला. सगळ्यात आधी जमवलेली वस्तू तीच. तिनं तो खांद्यावर टाकला आणि मुलाच्या हातात न देता स्वतःच चालत झाडापर्यंत गेली. गाठ तिनंच मारली. "ही गाठ सरकत नाही," ती त्या टोळीला म्हणाली. "ओढा आता, नुसते बघू नका."

झाड हललं. रस्ता मोकळा झाला म्हणायला हरकत नव्हती. मोरीचं पुढं बघतील ज्यांचं ते.

वीज आली, नळ आला, सगळं आपापल्या जागी बसलं, तेव्हा ड्रायव्हरमामांनी अंघोळ करून, भांग पाडून निकाल दिला. "खोली कामाला आली. पैज तू जिंकलीस. खोली तुझी. सूनबाई, हरकत?"

"नाही, मामा," सून म्हणाली. तिचा चेहरा साधा होता, पण मखमली पाकीट तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. आतली कात्री आता कागदसुद्धा कापत नव्हती.

वेळेलाबाई उठली आणि आपली जिंकलेली खोली बघायला गेली. खोली रिकामी होती. भिंतीशी दोन-चार बरण्या, मिठाच्या पिशव्या, भोंगा, आणि मधोमध टोपलीत ती कोंबडी. खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीवर पडलं होतं. एवढ्या वर्षांत तिनं ती भिंत पाहिली नव्हती. तिच्यासमोर कायम पिशव्या होत्या. हाक मारली तर आवाज घुमला.

ती तिथं उभी राहिली. पुन्हा भरायची म्हटलं तर भरली असती, हात अजून धड होते. पण डोळ्यांपुढं सारखं ते मेणबत्त्यांचं ढेकूळ येत होतं, आणि काळ्या दोऱ्यातलं मीठ. एवढी वर्षं किल्ली आपल्याकडं होती, आणि आत काय आहे ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं, ही गोष्ट तिला टोचत होती. हसूही येत होतं.

"सूनबाई!" तिनं आतूनच हाक मारली. "आरसा कुठल्या भिंतीला लावणार म्हणाली होतीस?"

सून दारात आली. "या. उजेड समोरून यावा म्हणून. पण आत्याबाई, तुमचं सामान?"

"स्वयंपाकघरात. काचेच्या बरण्यांत. जुनं आधी खायचं, नवं मागं ठेवायचं. दोरा बिरा काही नको." मग तिनं कंबरेची किल्ली सोडली, पण लगेच दिली नाही. "पोटमाळा मात्र माझा. आणि मीठ इथंच राहील काही दिवस. कुठं नेऊ एवढं?"

तर मीठ तिथंच राहिलं. पिशव्यांवर गादी टाकून सुनेनं गिऱ्हाइकांना बसायला बाक केला, आणि आजतागायत लोक पाळी येईपर्यंत त्या मिठावर बसतात. बेकरीवाला तिथलं पहिलं गिऱ्हाईक. भोंगा दारावर लावला आहे, घंटीच्या जागी. ड्रायव्हरमामा कारण नसताना तो वाजवून येतात. कात्रीला वेळेलाबाईनं स्वतः धार लावून आणली, धारवाल्याच्या डोक्यावर उभी राहून.

परवा ती ओट्यावर ताडपत्री शिवत बसली होती. टीप संपली, दोरा तोडायचा होता, आणि हाताशी कात्री नव्हती. तिनं आत वाकून बघितलं. सून एका बाईचे केस कापत होती.

"सूनबाई, जरा ती कात्री दे गं. एवढा दोरा तोडते."

सुनेनं कात्री पाठीमागं लपवली. "आत्याबाई, झोका की विहीर?"

खुर्चीतली बाई आरशातून दोघींकडं बघत राहिली. वेळेलाबाईनं हसत हसत दोरा दातांत धरला आणि तोडला.